खालच्या घरचा सांगावा

मळा, टेंभुर्णी
१२ नोव्हेंबर २०२४

भागवत भाऊजी,

तुळजावहिनीचा आशीर्वाद. तुम्हाला नको असला तरी तो द्यायचा हक्क माझा आहे. मी या घरात नवरी होऊन आले तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होतात आणि सासूबाई आधीच गेलेल्या. तुमच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. तेव्हा हे पत्र फाडायचं असेल तर आधी पूर्ण वाचा, मग खुशाल फाडा.

फोनवर तुम्ही आमचे दोन्ही नंबर बंद करून ठेवलेत. आशामतीला लावला तर ती दबक्या आवाजात म्हणते, "ताई, ह्यांना कळलं तर घरात कटकट व्हईल." नवऱ्याच्या रागात त्या बिचारीला कशाला भरडू? म्हणून टेंभुर्णीच्या पोस्टातून पाकिटं आणली. तिथले बाबू म्हणाले, "मावशी, आता पाकिटं कोण घेतं?" मी म्हटलं, "जिचा दीर रुसलाय ती घेते."

तुमच्याविना ही सहावी दिवाळी. लक्ष्मीपूजनाला तुमच्या दादांनी दोन पाट मांडायला सांगितले. मी मांडले. एकावर ते बसले, दुसरा तसाच राहिला. पूजा झाल्यावर दोन्ही पाट त्यांनी स्वतःच उचलून ठेवले.

बापूंच्या मोसंबीच्या जागेवर यंदा कापूस आहे. हे लिहिलं की तुमच्या कपाळाला आठी पडणार, मला इथून दिसते आहे. पण सहा वर्षं झाली, आता एक गोष्ट ऐकाच. २०१९च्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला आणि झाडं शेंड्याकडून वाळत आली, तेव्हा दादांनी करवतवाले बोलावले. तुम्ही जालन्याहून आलात तेव्हा नुसती खोडं उरली होती. "मला विचारलं का? बाप काय एकट्याचा होता?" असं म्हणून तुम्ही रडलात, मग वाटणी मागितलीत, मोजणी आणलीत, मध्ये बांध घातलात आणि या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही म्हणून निघून गेलात. तुमचं रडणं खरं होतं. ती झाडं लावताना बापूंनी खड्ड्यात माती तुमच्या हातानं टाकून घेतली होती, ते मीही पाहिलं आहे.

त्या रात्री मी दादांना विचारलं, एक फोन का नाही केला? ते म्हणाले, "केला आसता तर त्यानं आशामतीच्या पाटल्या मोडून टँकर लावले आसते. झाडं तर वाचली नसतीच, पाटल्याबी गेल्या आसत्या. म्हनून न्हाई केला." हे मी तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे. तेव्हाच सांगणार होते, पण तुम्ही ऐकायला थांबलात कुठे?

बाकी दादा बरे आहेत. थंडी लवकर पडली म्हणून दुपारपर्यंत अंगणात उन्हाला बसतात. कापूस वेचायला बाया मीच लावते. त्यांची मोटारसायकल शेडमध्ये उभी असते आणि तिच्या सीटवर तपकिरी कोंबडीनं मुक्काम केला आहे. दुकान कसं चाललं आहे? लोकांना बी विकता, तर घरचं शेत विसरू नका.

तुमची,
तुळजावहिनी

मळा, टेंभुर्णी
९ डिसेंबर २०२४

भागवत भाऊजी,

कामाचं पत्र आहे. आपल्याला सुतक आलं आहे. खालच्या घरच्या सर्जेराव तात्यांची बायको काल सकाळी वारली. तुम्हालाही दहा दिवस पाळायचे आहेत. फोडणी बंद, तेल बंद, देवाला हात लावायचा नाही.

सांगावा घेऊन तात्या स्वतःच आले. वय सत्तरीच्या पुढं, बायको घरात निजवलेली, तरी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "सुतक आलं," एवढंच म्हणाले आणि वळले. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून दाराआड उभी होते. माणसाचे डोळे रडून लाल झालेले, आणि त्याला पाणी विचारायची सोय नाही. जिवाला फार लागलं. पण खालचं घर आणि वरचं घर एकमेकांचं पाणी पीत नाहीत, मी तरी काय करणार?

मग तुम्हाला कसं कळवायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं, कुणाला तरी जालन्याला, तुमच्या मस्तगडाला पाठवू का? दादा माझ्यावर खेकसले. "त्याच्या दारात मानूस पाठवायचा? सांगाव्याचा मानूस फुटलेल्या घराला जातो. भागवतच्या दारात एकदा का तो गेला की घर बिलकुल फुटलं. बांध पडला म्हनून भाऊ वायला होतो काय? पत्र लिही." म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला हैबती आणि मल्हारीची गोष्ट मी लहानपणी सांगितली आहे, पण तेव्हा तुम्ही अर्ध्यात झोपायचात. आता जागेपणी ऐका.

निजामाच्या राज्यातली, तुमच्या खापरपणजोबांच्या वेळची गोष्ट. मोठा दुष्काळ पडला होता. विहिरीत माणसांपुरतं पाणी होतं, जनावरांना नाही. हैबती थोरला. तो बैल आणि गाई घेऊन अजिंठ्याच्या डोंगरात गेला, तिथं झाडपाला तरी मिळेल म्हणून. मल्हारी धाकटा, तो म्हाताऱ्या आईजवळ राहिला. उन्हाळ्यात आई गेली. डोंगरात माणूस पाठवायचा तर कुणाला? आणि निरोप पोचला तर हैबती जनावरं सोडून धावत येणार, जनावरं मरणार, मग पुढच्या साली नांगराला काय जुंपायचं? मल्हारीनं विचार केला आणि निरोप धाडलाच नाही. आईला एकट्यानं अग्नी दिला.

पाऊस झाल्यावर हैबती परतला. निम्मी जनावरं त्यानं जगवून आणली होती. आनंदात होता. शिवेवर त्यानं बैलांच्या शिंगांना गुलाल लावला, आपल्या पागोट्यावर टाकला, हलगी लावून गावात शिरला. वाटेत जो तो त्याच्याकडं बघून मान खाली घालत होता. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि थोरला लेक गुलाल उधळत घरी येत होता. दारात त्याला कळलं. त्यानं मल्हारीला विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?" मल्हारी म्हणाला, "तू जनावरं सोडून आला आसतास." हैबती म्हणाला, "यायचं का न्हाई ते मी ठरवायचं व्हतं."

तो उंबऱ्याच्या आत गेलाच नाही. वरच्या अंगाला त्यानं वेगळं घर बांधलं, तेच आपलं. मल्हारीचं ते खालचं घर. पंचांनी जमीन वाटून दिली. हैबतीनं पंचांपुढं फक्त दोन गोष्टी मागितल्या. कितीही वैर असो, मढं उचलायच्या आत सांगावा आला पाहिजे. आणि बाहेरगावाहून सुतकाला येणाऱ्या आपल्या माणसानं डोकं उतरवून, मुंडन करूनच गावाच्या शिवेत पाय टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणावर गुलालाचं पागोटं घालून दारात उभं राहायची पाळी येणार नाही. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत, पण मरण कधी चुकलं नाही. आपल्या लोकांचा रागसुद्धा असा नेमाचा.

आता तुम्ही विचार करा, भाऊजी. मल्हारीनं जे केलं तेच दादांनी मोसंबीच्या वेळी केलं. लांबच्या माणसाचं जवळच्यानं ठरवून टाकायचं, ही आपल्या घराची जुनी खोड आहे. त्यांचं चुकलं, हे मी त्यांना तोंडावर म्हटलं आहे. पण हैबतीसारखा कायमचा वरच्या अंगाला जायचा तुमचा विचार असेल तर तोही काही शहाणपणा नव्हे.

तुमची,
तुळजावहिनी

मळा, टेंभुर्णी
२० जानेवारी २०२५

भागवत भाऊजी,

एक गोष्ट लिहायची मला मनाई आहे. डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आहे, आणि डोकंही कुणाचं, तर ज्याची शपथ मोडायचा मला धीर होणार नाही त्याचं. तेव्हा ती सोडून बाकी सगळं लिहिते.

संक्रांत झाली. तीळगूळ थोडाच केला, खाणारं कोण आहे? तुमचे दादा आता भाकरी दुधात चुरून घेतात, आणि तीही चतकोर. सदरे ढगळ होतात म्हणून मी दोन सदरे बाजूनं दाबून दिले. तुरीचं खळं मी आणि गड्यांनी उरकलं. ते खाटेवर बसून तिथूनच ओरडत होते, म्हणजे ओरडायचा प्रयत्न करत होते. मला जवळ जाऊन ऐकावं लागत होतं.

या महिन्यात आम्ही दोनदा जालन्याला येऊन गेलो. कशाला ते लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला रिक्षा मस्तगडावरून गेली. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दीत अडकली आणि जरा थांबली. दादांनी मान बाहेर काढून वर बघितलं. तुमच्या गॅलरीत कपडे वाळत होते. म्हणाले, "हितंच ऱ्हातो ना?" मी म्हटलं, "उतरायचं का? दोन जिने तर आहेत." ते म्हणाले, "न्हाई. कीव करून आलेला भाऊ मला नको. रागानं गेला ना, मंग येऊ दे रागानंच. भांडायला येऊ दे." मग डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, पण दादा भिंतीआडून सगळं ऐकत होते. त्यांनी कधी कुणाला आपल्याबद्दल परस्पर बोलू दिलं आहे? येताना गाडीत मला शपथ घातली. तुम्हाला कळवायचं नाही. आपल्या घरचं कुणी माणूस तुमच्या दारात जायचं नाही. शेताभाताचं पत्र लिहायला हरकत नाही, म्हणाले.

बघा, शेताभाताचंच लिहिते आहे. हरभरा चांगला आला आहे. गहू कंबरेला लागतो. विहिरीला पाणी आहे.

मला कधी कधी असा राग येतो की दोघा भावांना एका दावणीला बांधावं आणि चारा टाकू नये. एक म्हणतो बोलावणार नाही, दुसरा म्हणतो येणार नाही, आणि मधल्या मधे मी. तुम्हाला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं. देवानं मला मूल दिलं नाही, म्हणून मी कधी रडले नाही, कारण तुम्ही होतात. आता मात्र रडू येतं.

हरभरा काढायच्या आत या. भांडायला या. मोसंबीवरून भांडा, बांधावरून भांडा, काहीच नाही सापडलं तर माझ्या स्वयंपाकावरून भांडा. पण हरभरा काढायच्या आत.

तुमची,
तुळजावहिनी

मळा, टेंभुर्णी
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

भागवत भाऊजी,

घाईत लिहिते. बुधवारी तुमच्याकडं एक माणूस येईल. त्याला बघून दचकू नका. तो मरणाचा निरोप घेऊन येत नाही, जित्याचा घेऊन येतो. त्याला आत घ्या, बसवा, पाणी द्या, आणि तो सांगेल ते ऐका. आपल्या घरचं माणूस पाठवायचं नाही अशी मला शपथ आहे. हा माणूस आपल्या घरचा नाही. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं नाही.

तुळजावहिनी

मळा, टेंभुर्णी
१४ मार्च २०२५

भागवत,

आज भाऊजी लिहिवत नाही. लहानपणी जशी हाक मारत होते तशीच मारते.

सोमवारी एस.टी.त चढताना तू म्हणालास, "वैनी, मला त्या दिवसाचं धड काही आठवत न्हाई. एवढंच कळतं का मी जित्या भावाच्या नावानं डोकं काढलं अन् त्यानं दादा गेले." माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत गाडी सुटली. गावातल्या दोन बायका मसणवाटेवरून परतताना हेच कुजबुजत होत्या, तेही तू ऐकलं असशील. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. काही तुला ठाऊक आहे, काही नाही. एकदा सलग वाच.

सर्जेराव तात्यांकडं मी गेले होते. बांधावर ते हरभरा उपटत होते. आजवर त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पदर घेतला आणि म्हटलं, "तात्या, आमच्या घरचं माणूस मस्तगडाला जाऊ शकत नाही. तुम्ही जाल का?" हातातला उपटलेला हरभरा त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, दोन्ही घरांनी आजवर एकमेकांना मेलेलेच सांगितले. जित्याचा सांगावा मी तरी नेतो." बुधवारी जायचं ठरलं, तोवर तुला माझं पत्र पोचेल असा माझा हिशेब. पण शनिवारी संध्याकाळी दादांना उलटी झाली. ते गड्यांकडून तात्यांना कळलं, आणि त्यांच्यानं बुधवारपर्यंत थांबवेना. रविवारी सकाळच्या गाडीनं मला न विचारता निघून गेले.

पुढचं तात्यांनी सांगितलेलं. ऊन चढलं होतं, दोन जिने चढून त्यांना धाप लागली. तुझ्या दाराशी आल्यावर घाम पुसायला त्यांनी टोपी काढली आणि बेल दाबली. पाय मात्र जन्माच्या सवयीनं उंबऱ्याबाहेरच राहिले. तू दार उघडलंस. समोर खालच्या घरचा माणूस, उंबऱ्याबाहेर, टोपी हातात. आपल्या घरात जन्मलेल्या कुणालाही त्याचा एकच अर्थ कळतो. तात्यांच्या तोंडून धापेमुळं शब्द निघत नव्हता. तू "दादा!" म्हणून असा ओरडलास की शेजारची दारं उघडली, आणि त्यांना ओलांडून जिना उतरून गेलास. ते मागून सांगत होते, "आरं जित्ता हाय! भागवत, जित्ता हाय तो!" गुडघे धरून एकेक पायरी उतरेपर्यंत तू दिसेनासा झालास. आशामती बाजारात, तुझा फोन घरात. तात्यांनी रस्त्यावरून मला फोन लावला. "सूनबाई, लई मोठा घोळ झाला," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मी काय करणार होते? दादांना सांगावं तर शपथ मोडल्याचं सांगावं लागणार. सकाळपासून त्यांना जरा हुशारी वाटत होती, म्हणून अंगणात खाट मागून घेऊन तक्क्याला टेकून बसले होते. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले, तुला तिथंच अडवायचं म्हणून.

तू रिक्षातून उतरलास तेव्हा मी आधी तुला ओळखलंच नाही. डोकं तुळतुळीत, मिशी नाही, पायात काही नाही. सुतकाला येणाऱ्यानं शिवेच्या आत यायच्या आधी डोकं उतरवायचं, म्हणून तू मस्तगडातच खाली न्हाव्याच्या दुकानात बसला होतास. हैबतीचा नेम इतकी वर्षं आपण पाळला, पण जित्या माणसाला बघायला कुणी तो पाळला नव्हता. मी "भाऊजी, थांबा," म्हणाले. तू मला मिठी मारलीस आणि माझ्या खांद्यावरून तुला दादा दिसले.

दादांनीही तुला पाहिलं. आधी डोकं पाहिलं. सहा वर्षांनी भाऊ दारात आलेला, आणि त्यांनी काय विचारावं? "कोन गेलं रे?"

ते पुन्हा म्हणाले, "आरं बोल की. आशामती बरी हाय ना?"

तू म्हणालास, "तुमीच, दादा."

मला वाटलं, आता जे होईल ते बघायला आपण इथं नसायला हवं होतं. दादा हसायला लागले. किती दिवसांनी हसले म्हणून मी बघतच राहिले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यातलं किती खोकल्याचं आणि किती कशाचं ते मला कळेना. म्हणाले, "ये हिकडं. डोस्कं जवळ आन." तू खाटेजवळ मातीत बसलास. त्यांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, मागून पुढं, कानांच्या मागं, जसा बैलावरून फिरवतात तसा. "न्हाव्यानं बराबर काढलं न्हाई," म्हणाले. "हितं राह्यलं." तू रडत होतास ते तुला आठवत असेल. मोसंबीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

संध्याकाळी तात्या परत आले ते फाटकाबाहेरच थांबले. घराकडं बघवत नव्हतं त्यांना. दादांनी खाटेवरून हाक मारली, "तात्या, आत या." तात्या दादांचं नाव घेऊन म्हणाले, "बद्रीनाथ, माझ्या टोपीनं घात केला. मला आत नको बोलवू. पाय उचलंना." दादा म्हणाले, "पाय उचलत नसंल तर भागवत आनील उचलून." आणि तू गेलास, हाताला धरून आणलंस. मी चहा केला. तात्यांच्या हातात कपबशी मीच दिली. बशीत सांडलेला चहा त्यांनी आधी प्याला, मग कपातला.

हे सगळं तुझ्या देखतचं. आता तुझ्या पाठीमागचं सांगते.

रात्री तू दमून अंगणातच आडवा झालास. मी दादांजवळ बसले आणि म्हटलं, "शपथ मोडली मी. तात्यांना मीच पाठवलं होतं." त्यांनी कूस बदलली. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "तुळजे, तू आयुष्यात माझं एक ऐकलं न्हाई, अन् हे एक न ऐकलेलं बरं झालं." मी म्हटलं, "पण अपशकुन झाला. जित्या माणसासाठी डोकं काढलं पोरानं." तेव्हा ते तुझ्याकडं बघून जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. "आपुन गेल्यावर कोन काय करतं ते कुनाला दिसतं का? मला वाटून राह्यलं व्हतं का हा येनारच न्हाई. मसनात परका मानूस अग्नी देईल. मी जित्तेपनी बघितलं. एवढं कुनाला मिळतं?"

त्यानंतर ते होते तितके दिवस तू इथंच राहिलास. रोज सकाळी त्यांना उन्हात आणून बसवायचास आणि ते रोज तुझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. तुला वाटायचं ते लाडानं फिरवतात. लाड होताच. पण मला माहीत होतं ते काय बघायचे. एके दिवशी हात फिरवून ते मला म्हणाले, "खुंट लागायला लागले." मी म्हटलं, "लागणारच. केस आहेत, वाढणार." तू बैलांना पाणी दाखवायला गेला होतास. ते म्हणाले, "ह्याचे केस यायच्या आत गेलेलं बरं. पुन्हा वस्तऱ्याखाली बसायला लावू नका त्याला. एका भावासाठी एकदाच." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी आम्हाला जानेवारीतच दिवस सांगितले होते, भागवत. तुझ्या डोक्यानं ना ते वाढले, ना कमी झाले.

ते गेले त्या सकाळी तू खालच्या घरी सांगावा द्यायला जायला निघालास, टोपी हातात घेऊन. पण तात्या फाटकातून आतच येत होते. त्यांना कुणी सांगावंच लागलं नाही, कारण रात्रभर ते आपल्या ओट्यावर बसून होते.

मग टेंभुर्णीहून न्हावी आला आणि अग्नी देणाऱ्याला पुढं बसवा म्हणाला. तू मान खाली घालून बसलास. त्यानं वस्तरा काढला, आणि नंतर परत पिशवीत ठेवून उठून गेला. तेव्हापासून तुझ्या मनात आहे की तुझं डोकं अशुभ म्हणून त्यानं हात लावला नाही. ते तसं नाही रे. मी तात्यांच्या कानात दादांचं म्हणणं सांगितलं होतं. भाऊकीत तेच वडीलधारे, त्यांनीच सांगायला हवं होतं. त्यांनी न्हाव्याला बाजूला घेऊन विचारलं, "डोस्कं कुनासाठी उतरवत्यात?" तो म्हणाला, "जो गेला त्याच्यासाठी." तात्या म्हणाले, "मंग हे त्याच्यासाठी उतरलेलंच हाय. त्यानं सोता हात फिरवून बघितलंय."

तुझी,
तुळजावहिनी